सात ते नऊचा मोबाईल

नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाने नोव्हेंबर 2024 मध्ये शिवी देणाऱ्याला 500 रुपये दंड करण्याचा ठराव केला आणि त्याची बातमी देशभर गाजली. संध्याकाळी 7 ते 9 मुलांच्या हाती मोबाईल द्यायचा नाही, हा त्याच गावाचा दुसरा निर्णय मात्र त्या गाजावाजात मागे पडला. मला तो शिव्याबंदीहून मोलाचा वाटतो. पण आयपीएलचा संध्याकाळचा सामना सुरू होतो साडेसातला, आणि त्या वेळी मोठ्यांच्या हातातल्या मोबाईलबद्दल कोणी बोलत नाही.

रात्र रात्र गेम खेळणारा दहावीतला पोरगा आणि सामन्यावर पैसे लावणारा त्याचा काका, घरच्यांच्या लेखी दोघेही मोबाईलच्या नादी लागलेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्ये, हे दोन विकार शेजारी शेजारी आहेत: जुगाराचा क्रमांक 6सी50, गेमिंगचा 6सी51. कसोट्याही सारख्याच. खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळं मागे पडून खेळच पुढे येणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे. आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असणे. रोज तासभर खेळणारं पोर यात बसत नाही, हे पालकांनी आधी ध्यानात घ्यावं.

मेंदूतली यंत्रणाही बरीचशी एकच. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांना फळांचा रस देऊन केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. रस अनपेक्षितपणे मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळत; ठरल्याप्रमाणे मिळू लागला की त्या रसाला दाद देईनाशा होत आणि रसाची चाहूल देणाऱ्या खुणेलाच उसळत. बेभरवशाचं बक्षीस म्हणूनच सुटता सुटत नाही. केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क यांनी 2009 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. जुगाराच्या यंत्रावर थोडक्यात हुकलेला डाव लोकांना आवडत नाही, तरी पुन्हा खेळायची ओढ त्यानेच वाढते, आणि जिंकताना मेंदूचे जे भाग जागे होतात त्यांतले काही तेव्हाही जागे होतात. एका गोळीने हुकलेला पहिला नंबर आणि एका धावेने गेलेली पैज, दोन्हींची ओढ याच जातीची.

इथून पुढे मात्र वाटा फुटतात. बुकीकडून घेतलेल्या 'आयडी'वर, म्हणजे सट्ट्याच्या ऑनलाइन खात्यावर, सामना कसा दिसतो ते पाहा. पहिल्या सहा षटकांतल्या धावांवरचं 'सेशन' 48-49 असं उघडतं. एक चौकार बसला की भाव वर, विकेट पडली की खाली. निकालाची वाट पाहावीच लागत नाही. एका संध्याकाळी पैसे लावायच्या कितीतरी संधी समोरून जातात. चार हजार गेले की ते 'रिकव्हर' करायला आठ लावायचे. गेलेला पैसा परत आणण्याचा हा पाठलाग गेमिंगच्या विकारात सहसा नसतो. तिथे झोप जाते, शाळा बुडते, जेवण ताटात गार होतं, आणि हे सगळं घराच्या डोळ्यांसमोर घडतं. सट्टा लावणारा मात्र चारचौघांसारखा मॅच बघत बसलेला दिसतो. घराला कळतं तेव्हा दारात वसुलीवाला उभा असतो.

श्रीरामपूरचा झहीर खान आणि आश्वीचा अजिंक्य रहाणे सौंदाळ्याच्या ज्या जिल्ह्याने दिले, तिथे क्रिकेट कळणाऱ्यांची वाण नाही. आणि हीच समज घात करते. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर यांनी 1975 मध्ये लॉटरीचा प्रयोग मांडला होता. ज्यांनी स्वतः तिकीट निवडलं त्यांनी ते विकायला, हाती पडेल ते तिकीट घेतलेल्यांच्या चौपटीहून जास्त किंमत सांगितली. सोडत तीच, जिंकण्याची शक्यता तीच. खेळपट्टी वाचता येणाऱ्याला आपण जुगार खेळतोय हेच पटत नाही.

दोन्ही वाटांमध्ये एक पूलही आहे: गेममधली न उघडलेली पेटी. पैसे आधी भरायचे, आत काय निघेल ते नशिबावर. अशा काही पेट्या बेल्जियमने 2018 मध्ये जुगार ठरवल्या. त्यांवर जास्त खर्च करणाऱ्यांत जुगाराची समस्याही जास्त दिसते, असं त्याच वर्षी ब्रिटिश संशोधकांना आढळलं. कशामुळे काय होतं हा प्रश्न त्यातून सुटत नाही. आपल्या संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, ते योग्यच झालं. पण बुकीचा सट्टा 1887 च्या जुगार कायद्यानेही बेकायदाच होता.

उपचारांतही फरक पडतो. विचारांची घडी बदलणारी मानसोपचार पद्धत दोघांनाही उपयोगी पडते. पोराच्या बाबतीत झोपेची वेळ, मैदान, मित्र आणि खेळण्याला ठरलेली मर्यादा यांवर भर असतो; मोबाईल हिसकावून फोडल्याने भांडण तेवढं वाढतं. सट्ट्यात थोडं थोडं खेळू देणं परवडत नाही. स्वीडनमधल्या नोंदींचा 2018 चा अभ्यास सांगतो, की जुगाराच्या विकाराचं निदान झालेल्यांत आत्महत्येने होणारे मृत्यू इतरांच्या सुमारे 15 पट होते. कर्ज उघडं पडतं तो दिवस म्हणूनच सर्वांत जपण्याचा. त्या दिवशी माणसाला फैलावर घेऊ नये, एकटंही सोडू नये. सगळी देणी कागदावर लिहून काढावीत, बँक आणि यूपीआयचे व्यवहार काही काळ घरातल्या दुसऱ्या माणसाने पाहावेत. गुपचूप सगळं कर्ज फेडून टाकलं तर पुढच्या डावाला हात मोकळे होतात. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं. हा फोन बायकोने, आईने, भावाने केला तरी चालतो.