मोटारीची धाव : नवी की जुनी?

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची जी पट्टी चढवीत, तिला आपल्या भाषेत ‘धाव’ असे नेमके नाव आहे. लोहार ती गोवऱ्यांच्या आगीत लाल करी, चाकावर बसवी आणि वरून पाणी ओती. लोखंड आकसे आणि तुंबा, आरे, पाटे सारे एकमेकांत घट्ट आवळले जात. झिजलेली धाव डोळ्यांना दिसे, ढिली झालेली कानांना ऐकू येई. मोटारीचा टायर हीसुद्धा धावच. मात्र तिचे दुखणे बहुधा दिसतही नाही आणि वाजतही नाही, आणि तिच्या भरवशावर आपण मुलाबाळांसह ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने निघतो.

आमच्या बऱ्हाणपुरात हा विषय आखाजीच्या सुमारास हटकून निघतो. लग्नसराई सुरू झालेली असते. येथल्या मराठी कुटुंबांचे सोयरसंबंध जळगाव, भुसावळ, अकोल्यापासून पुण्यापर्यंत पसरलेले. तेव्हा घरची जुनी मोटार झाडूनपुसून बाहेर काढली जाते आणि कोणाच्या तरी लक्षात येते, की टायर गोटा झाले आहेत. लग्नाचा खर्च डोक्यावर असतो. अशा वेळी दुकानदार काळ्या पॉलिशने चकचकीत केलेले चार जुने टायर समोर मांडतो आणि म्हणतो, “साहेब, अर्ध्या किमतीत काम होते, नव्याची गरज काय?” प्रश्न वाजवी आहे, आणि त्याला ‘जुने ते वाईट’ एवढेच उत्तर देणे बरोबर नव्हे.

प्रथम हिशेब पाहू. साध्या मोटारीच्या नव्या टायरवरील खाचा सुमारे आठ मिलिमीटर खोल असतात. १.६ मिलिमीटर खोली उरली की मोटारीच्या टायरचे कायदेशीर आयुष्य संपते. ती मर्यादा कळावी म्हणून खाचांच्या तळाशी रबराचे लहान आडवे उंचवटे ठेवलेले असतात. वरचा पृष्ठभाग त्यांच्या पातळीला आला की टायर उतरवायचा. म्हणजे नव्या टायरमध्ये वापरण्याजोगे रबर सुमारे ६.४ मिलिमीटर. आता जुन्या टायरची खोली चार मिलिमीटर असेल, तर वापरण्याजोगे उरले २.४, म्हणजे नव्याच्या तीन अष्टमांश. नवा टायर समजा चार हजारांना मिळत असेल, तर या जुन्याचे न्याय्य मोल दीड हजार होते. दुकानदार मागतो दोन हजार. शिवाय बसविण्याची आणि चाकाचा तोल साधण्याची मजुरी लवकरच दुसऱ्यांदा द्यावी लागते. अर्ध्या किमतीत मिळालेली वस्तू स्वस्त असतेच असे नाही, हे सातवीच्या मुलालाही त्रैराशिकाने काढता येईल.

परंतु खरा प्रश्न पैशांचा नाही. वयाचा आणि पूर्वचरित्राचा आहे. गंधकासह तापवून रबराला टिकाऊ करण्याची युक्ती अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना १८३९ साली सापडली. रबर त्यामुळे चिवट झाले, अमर झाले नाही. हवेतील प्राणवायू व ओझोन, सूर्यप्रकाश आणि उष्णता यांनी ते हळूहळू कठीण होते, भेगाळते. मोटार अंगणात नुसती उभी असली तरी ही क्रिया चालूच असते. निवृत्त गृहस्थाची वर्षाकाठी दोन हजार किलोमीटर चाललेली मोटार घ्या. सात वर्षांनी तिच्या टायरच्या खाचा जवळजवळ कोऱ्या दिसतील, पण आतले रबर म्हातारे झालेले असेल. निमाड-खानदेशचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे, त्यांना उष्णतेविषयी मी अधिक काय सांगावे?

टायरचे जन्मसाल त्याच्या बाजूवरच कोरलेले असते. अक्षरे आणि अंक यांच्या लांब ओळीच्या शेवटी चार अंक दिसतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. हे अंक पुष्कळदा एकाच बाजूला असतात, म्हणून टायर उलटून पाहण्यास संकोच करू नये. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी आणि दहा वर्षे झाली की खाचा शाबूत असल्या तरी टायर काढून टाकावा, असे अनेक उत्पादक सांगतात. आमच्या हवेत पाचाच्या पुढचा जुना टायर विकत घेऊच नये, असे माझे मत आहे. नवा म्हणून विकला जाणारा टायरही दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला असू शकतो; तेव्हा हे चार अंक नव्यावरही वाचावेत.

जुन्या टायरच्या अंगावर मागच्या मालकाचे वर्तन लिहिलेले असते. मध्यभाग अधिक झिजला असेल, तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडा झिजल्या असतील, तर हवा कमी होती. आणि हा दोष अधिक गंभीर समजावा. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि उठतो, त्या घुसळणीने आतून तापतो, आणि त्याच्या थरांची पकड सुटू लागते. एकच कड झिजली असेल, तर चाकांची जुळणी बिघडलेली होती. बाजूवर फुगवटा दिसला, तर आतील धागे तुटले आहेत असे समजून तो टायर खाली ठेवावा. अशा टायरला दुरुस्ती नाही. रिममधून सुटा केलेला टायर आतून पाहिल्याशिवाय घेऊ नये, कारण ठिगळे आतच असतात. जमिनीला टेकणाऱ्या भागावरचे एखादे नीट ठिगळ चालेल. बाजूवरचे मुळीच नाही. आणखी एक कारागिरी या व्यवसायात आहे : गुळगुळीत झालेल्या टायरवर हत्याराने नव्या खाचा कोरणे. अशा वेळी खाचांच्या तळचे ते आडवे उंचवटे कापले गेलेले असतात. ते सापडले नाहीत, की खुशाल उठून यावे.

एवढ्या परीक्षेला उतरलेला जुना टायर मिळतो का? मिळतो, पण क्वचित. शेजाऱ्याने मोटार विकताना काढून ठेवलेले, दोन वर्षांचे, आपल्या डोळ्यांदेखत चाललेले टायर असतील, तर जरूर घ्यावेत. गावातल्या गावात बाजारहाट करणाऱ्या मोटारीला ते पुरतील. बैलगाडीला तर ट्रकचा जुना टायर वर्षानुवर्षे उत्तम सेवा देतो. केळीचे घड लादलेल्या अशा गाड्या आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या आहेत. ट्रकच्या झिजलेल्या टायरवर नवा रबरी थर चढविण्याचा धंदाही आपल्या देशात जुना व प्रतिष्ठित आहे. मद्रासेत १९४६ साली खेळण्यातले फुगे करणारी एमआरएफ ही कंपनी १९५२ मध्ये या थरासाठी लागणाऱ्या रबराच्या उत्पादनात उतरली, आणि टायरचे कारखाने नंतर आले. भार, वेग आणि उष्णता या तिन्हींचा विचार करूनच जुन्याचे स्थान ठरवावे लागते.

हे तिन्ही एकत्र आले म्हणजे काय होते, याचा धडा समृद्धी महामार्गाने दिला. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. ५ जून २०२५ पासून हा ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण चालू आहे. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा, सिमेंटचा तापलेला रस्ता, आणि मैलोन्‌मैल न थांबता धावणे. गावच्या रस्त्यावर खड्डे चुकवीत चाळीसच्या वेगाने जाताना ज्या टायरने कधी तक्रार केली नाही, तोच येथे दगा देऊ लागला. २०२३ च्या उन्हाळ्यात परिवहन खात्याने मार्गावर प्रवेश करणाऱ्या वाहनांचे टायर तपासण्यास आरंभ केला आणि गुळगुळीत टायरची वाहने परत पाठविली. प्रत्येक अपघात टायरच्या माथी मारणेही योग्य नव्हे. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस पेटून पंचवीस प्रवासी गेले, तेव्हा चालकाने टायर फुटल्याचे सांगितले होते. परिवहन कार्यालयाच्या अहवालाला मात्र त्याचा पुरावा आढळला नाही. तरीही बऱ्हाणपूरकरांनी पुण्या-मुंबईच्या लग्नाला या मार्गाने निघण्यापूर्वी चारही टायरांवरचे अंक वाचावेत.

चारही नवे घेण्याची ऐपत नसेल तर? मग एका अक्षाचे दोन नवे घ्यावेत, आणि ते मागे बसवावेत. येथे बहुतेक जण चमकतात, कारण सुकाणू पुढच्या चाकांशी असते. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली, तर मोटार सरळ जात राहते आणि वेग कमी केल्यावर बहुधा ताब्यात येते; मागची घसरली, तर ती गर्रकन फिरते, आणि तिला सावरणे सामान्य चालकाच्या आटोक्यातले नसते. नामांकित कंपनीचा जुना टायर आणि साध्या कंपनीचा नवा टायर असा पेच पडला, तर मी साधा नवा घेईन. मात्र त्याचे माप आणि भारांक मोटारीसोबतच्या पुस्तिकेप्रमाणे असावेत.

जुन्या टायरांपैकी जो बरा असेल तो स्टेपनीसाठी ठेवावा. हा शब्द आपण मुंबईचाच समजतो. वस्तुतः वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी जादा चाक विकणारा एक व्यवसाय निघाला, त्याचे हे नाव. पण स्टेपनीही वयाने थकते, हे पाच-पाच वर्षे तिच्याकडे न पाहणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे. तिच्यातली हवा तर आजच पाहावी.

राहिले उतरविलेले टायर. दुकानदार ते दोन-चारशे रुपये वळते करून ठेवून घेतो. ते कोठे जातात, हे आपण विचारीत नाही. गुळगुळीत टायर असेल, तर त्याच्या बाजूला आपल्यासमोर छेद द्यावयास सांगावे. त्या रकमेवर पाणी सोडावे लागले तरी चालेल. नाही तर पॉलिश आणि नव्या खाचा घेऊन तो कोणाच्या तरी वऱ्हाडाच्या जीपखाली जायचा.