चार जीबी बसवली, सव्वातीनच का दिसते?

लग्नसराईच्या तोंडावर फोटो स्टुडिओतला जुना पीसी अडायला लागला, की देवणीचा दुकानदार उदगीर नाहीतर लातूर गाठून रॅम आणतो. चार जीबी बसवतो, माय कम्प्युटरची प्रॉपर्टीज उघडतो आणि तिथे 3.25 जीबी वाचतो. पहिला संशय रॅम विकणाऱ्यावर जातो. बहुतेक वेळा त्याचा काहीही दोष नसतो.

32 बिटच्या विंडोज एक्सपीकडे मेमरीचे 4,29,49,67,296 पत्ते असतात, एका बाइटला एक. म्हणजे बरोबर 4 जीबी. पण ग्राफिक्स कार्ड आणि इतर उपकरणांनाही याच यादीतून पत्ते द्यावे लागतात. तलाठ्याच्या दप्तरात गट क्रमांकच संपले तर पुढची जमीन जागेवर असूनही सातबाऱ्यावर येत नाही, तसंच उरलेल्या रॅमचं होतं.

एक्सपीच्या काळच्या प्रोसेसरलाच 4 जीबीच्या पुढे जाता येत नव्हतं, हेही खरं नाही. इंटेलच्या 1995 च्या पेंटियम प्रोमध्ये 64 जीबीपर्यंतची सोय होती आणि विंडोजच्या काही सर्व्हर आवृत्त्यांनी ती वापरली. एक्सपीला मात्र मायक्रोसॉफ्टने 4 जीबीवरच ठेवलं, कारण वरचे पत्ते आले की अनेक ड्रायव्हर कोलमडत.

दिसणारी सव्वातीन जीबी सगळी फोटोशॉपला मिळते, हा समज जास्त महागात पडतो. 32 बिट विंडोज एरवी प्रत्येक प्रोग्रामला 2 जीबीच पत्ते देतं, उरलेले 2 स्वतःकडे ठेवतं. विंडोज 64 बिटचं केलं तरी 32 बिटचा जुना प्रोग्राम 2 जीबीवरच अडतो. तशी सोय ठेवून बनवलेला असेल तरच 4 पर्यंत जातो. विंडोजवर 64 बिटचं फोटोशॉप 2008 मध्ये सीएस4 पासून आलं. 64 बिट विंडोज 7 च्या टास्क मॅनेजरमध्ये नावापुढे *32 दिसलं, तर प्रोग्राम जुन्या मर्यादेतला आहे.

करिझ्मा अल्बमचं मोठं पान उघडलं की ‘स्क्रॅच डिस्क्स आर फुल’ असा संदेश येतो, तेव्हा तर रॅम आणायला धावूच नये. तिथे हार्ड डिस्कवरची जागा संपलेली असते. सी ड्राइव्हवर जागा मोकळी करावी, किंवा प्रेफरन्सेसमध्ये जाऊन स्क्रॅच डिस्क मोकळ्या ड्राइव्हवर न्यावी. एक पैसाही लागत नाही.

मेमरीची अशीच मर्यादा एक्सपीच्या आधी डॉसलाही होती, 640 केबीची. तिचं खापर अजूनही बिल गेट्स यांच्यावर फुटतं. ‘एवढी मेमरी सर्वांना पुरेल’ हे वाक्य त्यांच्या नावावर फिरतं. आपण ते कधी म्हटलंच नाही, असं त्यांनी सांगितलेलं आहे. 1981 च्या आयबीएम पीसीतला 8088 प्रोसेसर एकूण 1 एमबीच पाहू शकत होता आणि त्यातले वरचे 384 केबी स्क्रीन, बायोस वगैरेंसाठी राखून ठेवले होते.

आता पुन्हा स्टुडिओतल्या पीसीकडे. 64 बिट विंडोज टाकण्याआधी प्रोसेसरला ते चालतं का, हे बघावं. मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचं जुनं डोंगल असेल तर त्याचा 64 बिट ड्रायव्हर आधी मिळवावा. 32 बिटचा ड्रायव्हर तिथे चालत नाही, आणि 16 बिटचे प्रोग्राम तर उघडतच नाहीत.