न दिसणारी भिंत

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशीत मुळशी तालुका वसला आहे. ताम्हिणी घाटातील दाट झाडी, मुळा नदीवरील धरणाचा विस्तीर्ण जलाशय आणि पावसाळ्यात कड्यांवरून कोसळणारे धबधबे यांमुळे हा मुलूख पाखरांना मोठा मानवतो. मृगाच्या सरी पडू लागल्या, की कोकणात आणि सह्याद्रीच्या ओढ्यांकाठी तिबोटी खंड्या हा देखणा पाहुणा येतो. चिमणीहूनही लहान असा हा पक्षी निळ्या-जांभळ्या आणि पिवळ्या-नारिंगी रंगांनी नटलेला असतो. त्याच्या पायाला तीनच बोटे असतात, म्हणून त्याला हे नाव पडले. ओढ्याच्या मातीच्या काठात बीळ कोरून तो आपली पिले वाढवितो, आणि झाडीतून जमिनीलगत बाणासारखा वेगाने उडतो.

अशा पक्ष्याच्या वाटेत पूर्वी झाडे येत, मातीच्या भिंती येत, लाकडी गजांच्या लहान खिडक्या येत. ते सारे त्याला दिसत असे. आता जलाशयाच्या परिसरात मोठमोठ्या काचा लावलेली घरे झाली आहेत. आणि तालुक्याच्या पूर्वेस, हिंजवडी येथे, काचेनेच मढविलेल्या उंच इमारती उभ्या आहेत. काच ही एक भिंतच आहे. परंतु ती पाखराला दिसत नाही. वेगाने उडणारा इवलासा जीव तिच्यावर आदळतो, आणि पुष्कळदा प्राणास मुकतो.

काच का दिसत नाही? याला तिचे दोन गुण कारण आहेत. पहिला गुण पारदर्शकता. खोलीच्या दोन्ही बाजूंना काचा असतील, तर पलीकडचे झाड आरपार दिसते आणि मधली वाट मोकळी आहे असे पाखराला वाटते. दुसरा गुण परावर्तन. साध्या काचेवर पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा आठ भाग परत फिरतो. बाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार असला, म्हणजे एवढा थोडा प्रकाशही पुरतो. काचेचा आरसा बनतो आणि त्यात आकाश व झाडे दिसू लागतात. माणूस चौकट पाहून काच ओळखतो. पाखराला ती खूण उमगत नाही. शिवाय बहुतेक पाखरांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे समोरचे अंतर त्यांना आपल्याइतके नीट जोखता येत नाही. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०१४ साली केलेल्या अंदाजानुसार त्या एका देशात दर वर्षी साडेछत्तीस कोटी ते जवळजवळ नव्व्याण्णव कोटी पाखरे इमारतींवर आदळून मरतात.

यावर उपाय एकच : काच पाखराला दिसेल अशी करावयाची. त्यासाठी छापील फिल्म उपयोगी पडते. कागदावर तेलाचा थेंब टाका आणि तो उजेडापुढे धरा. थेंबाच्या जागेतून उजेड येतो, पण पलीकडची वस्तू स्पष्ट दिसत नाही. अशा पदार्थास अर्धपारदर्शक म्हणतात. दिवाळीच्या आकाशकंदिलाचा कागदही असाच असतो. प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर ठिपके, रेघा किंवा पानाफुलांची नक्षी छापून ती काचेवर चिकटविली, तर खोलीत उजेड येतो आणि काचही लपून राहत नाही.

मात्र नक्षी विरळ असून चालत नाही. काचेवर घारीचे एकच चित्र लावले, तर पाखरू त्या चित्राला वळसा घालून शेजारच्या मोकळ्या काचेवर आदळते. म्हणून ठिपके सहा मिलिमीटरांहून लहान नसावेत, आणि दोन ठिपक्यांमधील अंतर पाच सेंटिमीटरांहून अधिक नसावे. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. फिल्म शक्यतो काचेच्या बाहेरच्या बाजूस लावावी. आतून लावली, तर बाहेरच्या पृष्ठभागावरील आकाशाचे प्रतिबिंब तसेच राहते आणि नक्षी त्याच्यामागे झाकली जाते.

फिल्म लावण्याचे काम घाईचे नाही. मुळशीत ते पावसाळ्यापूर्वी, वारा नसलेल्या दिवशी, सकाळी उन्हे चढण्याआधी करावे. प्रथम काच साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवावी; धुळीचा एक कण राहिला, तरी तेथे फुगवटा येतो. मग पाण्यात साबणाचे चार थेंब मिसळून ते पाणी काचेवर फवारावे. फिल्मच्या पाठीवरील कागद सोलून काढावा आणि ती ओल्या काचेवर टेकवावी. पाण्यामुळे डिंक लगेच पकडत नाही. त्यामुळे फिल्म सरकवून नीट बसविता येते. कडक उन्हात पाणी लवकर सुकते आणि ही सोय राहत नाही. नंतर रबराच्या पट्टीने मधून कडांकडे दाबत पाणी व हवा बाहेर काढावी. शेवटी जास्तीची कड धारदार पात्याने मोठ्या माणसाकडून कापून घ्यावी, आणि चौकटीलगत अगदी बारीक फट ठेवावी. फिल्म चौकटीवर चढली, तर तेथून ती उचलली जाते.

या उपायाचे फळ अमेरिकेतील शिकागो शहरात दिसून आले. तेथे मिशिगन सरोवराच्या काठी एक प्रचंड काचेची इमारत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका रात्रीत सुमारे एक हजार स्थलांतरी पाखरे तिच्यावर आदळून मेली. पुढच्या वर्षी त्या काचांवर फिल्मच्या साहाय्याने जवळजवळ बारीक ठिपके बसविण्यात आले. त्या शरद ऋतूत पाखरांचे मृत्यू सुमारे पंचाण्णव टक्क्यांनी घटले.

एवढी मोठी इमारत जर पाखरांना निर्धोक करता येते, तर आपल्या घराची किंवा शाळेची खिडकी का करता येऊ नये? फिल्म न मिळाली, तर काचेबाहेर दोऱ्या टांगाव्यात किंवा चुन्याचे ठिपके द्यावेत. पावसाने धुऊन गेले, तर ते पुन्हा द्यावेत. माणसाला काच हवी, कारण त्याला घरात बसून उजेड आणि डोंगर पाहावयाचे असतात. त्या डोंगरातील पाखरे जगली, तरच त्या खिडकीतून पाहण्यासारखे काही उरेल.