वैमानिकांची यादी आणि छोटी जेट विमाने

तानसा तलावाच्या परिसरात मान वर केली की मुंबईचं एखादं विमान दिसतंच. ते चालविणाऱ्याला पगार भरपूर. मग त्याला संघटना कशाला हवी, असं आपल्याला वाटतं.

त्याचं उत्तर ज्येष्ठतेच्या यादीत आहे. सहवैमानिक कॅप्टन केव्हा होणार, मोठं विमान कोणाला मिळणार, हे बहुधा यादीतील क्रमांकावर ठरते. कंपनी बदलली की बहुतेक ठिकाणी पुन्हा तळापासून सुरुवात! म्हणून आपल्या कंपनीचे काम बाहेर जाऊ नये, ही वैमानिकाची मोठी काळजी.

१९९० नंतर कॅनडा आणि ब्राझील या देशांत पन्नास आसनांची जेट विमाने तयार होऊ लागली. लहान शहरांची त्यामुळे सोय झाली. पण अमेरिकेतील थोरल्या कंपन्यांनी ही उड्डाणे धाकट्या कंपन्यांकडे सोपविली. विमानावर नाव थोरलीचे, वैमानिक धाकटीचा आणि पगार कमी. आपल्या एस.टी.नं भाड्यानं घेतलेल्या शिवशाहीवर चालक ठेकेदाराचा असे, तसलाच हा प्रकार.

संघटनांनी मग करारात कलम घातले: धाकटीने साधारणपणे ७६ आसनांहून मोठे विमान चालवू नये. थोरल्यांच्या नोकऱ्या त्यामुळे राखल्या गेल्या; पण धाकट्यांच्या पगाराचे काय? २००१ साली डेल्टाच्या मालकीच्या कॉमएअरचे वैमानिक ८९ दिवस संपावर गेले. गंमत अशी, की दोन्ही कंपन्यांचे वैमानिक एकाच संघटनेचे सभासद होते!

आपल्याकडेही इंडियन एअरलाइन्सने १९९६ मध्ये अलायन्स एअर ही उपकंपनी काढली. पुढे २००७ साली इंडियन एअरलाइन्स व एअर इंडिया एक झाल्या, पण वैमानिकांची मने एक झाली नाहीत. नव्या ड्रीमलायनर विमानाचे शिक्षण कोणाला द्यायचे, यावरून २०१२ मध्ये एअर इंडियाच्या जुन्या वैमानिकांनी ५८ दिवस संप केला. भांडण पुन्हा यादीचेच!

आता कोल्हापूर, नांदेडसारख्या शहरांतूनही एम्ब्राएर जेट उडू लागली आहेत. ही सोय हवीच. मात्र स्वस्त तिकिटाचा भार कोणावर पडतो, हेही विचारले पाहिजे. छोट्या विमानातला वैमानिकही तितकीच जोखीम वाहतो. त्याला पुरेशी विश्रांती आणि रास्त वेतन मिळणे, यात आपल्या प्रवासाचीही सुरक्षितता आहे.