मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, आता घरी काय?

मोतीबिंदू काढल्यावर रुग्णाला दवाखान्यात कित्येक दिवस उताणे पडून राहावे लागे, डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावत आणि पुढे जन्मभर नाकावर जाड भिंगाचा चष्मा बसे, ही आठवण अजून अनेक घरांत आहे. आता सकाळी नेलेल्या आजी दुपारी घरी येऊन चहा मागतात. ‘फेको’ पद्धतीत छेद जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा असतो, आत कृत्रिम भिंग बसवलेले असते आणि टाका बहुधा नसतोच.

सोय झाली खरी, पण पूर्वी परिचारिका जी देखभाल करायच्या ती आता घरच्यांवर आली आहे. डॉक्टरांचे काम पंधरा-वीस मिनिटांचे, घरच्यांचे चार ते सहा आठवड्यांचे!

पहिले एक-दोन दिवस डोळ्यात कचरा गेल्यासारखे खुपते, पाणी येते, उजेड सोसत नाही, थोडे धूसर दिसते. यात घाबरण्यासारखे काही नाही. पांढरे धोतर एकदम निळसर दिसू लागले, तरी काळजी नको. वयाने पिवळे पडलेले जुने भिंग निळा रंग अडवत होते, ते आता गेले आहे, इतकेच.

थेंब कोण टाकणार?

घरी आल्यावर खरे औषध म्हणजे थेंब. ते टाकण्याचे काम शक्यतो एकाच व्यक्तीने अंगावर घ्यावे. ‘मला वाटले वहिनींनी टाकले’ असे होऊ लागले की वेळा चुकतात. वेळापत्रक कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवावे. बाटल्या सारख्याच दिसत असतील तर एकीला रबरबँड गुंडाळावा. कानाचे थेंब किंवा चिकटवण्याच्या द्रवाची छोटी बाटली त्याच फळीवर ठेवू नये.

आधी हात साबणाने धुवावेत. रुग्णाला वर बघायला सांगून खालची पापणी अलगद ओढावी आणि एकच थेंब सोडावा. दोन टाकले तर दुसरा गालावर ओघळतो. बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये. दुसरे औषध पाच मिनिटांनी टाकावे. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नयेत. साखर वाढली तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

डोळा चोळायचा नाही, हे मोठ्या माणसांना सांगणे सोपे, पण झोपेत हात जातोच. म्हणून रात्री प्लॅस्टिकची वाटी चिकटपट्टीने डोळ्यावर लावतात. आठवडाभर तरी ती टाळू नये. आंघोळ गळ्याखालून करावी. डोक्यावरून कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारावे. पाण्याची बादली उचलणे, खाली वाकून केर काढणे, फोडणीच्या धुरात उभे राहणे काही दिवस बंद. काजळ, सुरमा, गुलाबपाणी, मध यांतले काहीही डोळ्यात घालायचे नाही, शेजारच्या काकूंना कितीही गुण आलेला असो. वरण-भात आणि आंबट बंद करण्याची जुनी पथ्ये मात्र निरर्थक आहेत. बद्धकोष्ठ होऊन जोर करावा लागू नये, एवढे पाहावे. टीव्ही पाहिल्याने भिंग बिघडत नाही.

‘रविवारी बघू’ नको

रोज एकदा दुसरा डोळा झाकून विचारावे, भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे कालच्याइतके स्पष्ट दिसतात का? बरा होत चाललेला डोळा पुन्हा दुखू लागला, लाली वाढली, पापणी सुजली किंवा नजर कमी झाली, तर आत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. असे क्वचितच होते, पण झाले तर काही तासांचा उशीरही महाग पडतो. चमका दिसणे, काळे ठिपके अचानक वाढणे, नजरेपुढे पडदा सरकल्यासारखे वाटणे हे पडदा सुटल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरांना गाठावे. अडचण अशी की घरातली वडील माणसे, त्यातून बायका, दुखणे सांगतच नाहीत. मुलाला रजा नाही, सुनेची धावपळ चालली आहे, मग ‘रविवारी बघू’. डोळा तोवर थांबत नाही. म्हणून त्यांनी सांगण्याची वाट पाहू नये, आपणच विचारावे.

उरलेल्या बाटल्या फेकून द्याव्यात. त्यांत बहुधा स्टिरॉइड असते. कुणाचा डोळा लाल झाला म्हणून तेच थेंब मनाने टाकत राहिल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

चष्म्याचा कायमचा नंबर साधारण चार ते सहा आठवड्यांनी काढतात. घाईने आधी करून घेतलेला चष्मा पुढे बदलावा लागतो. तोवर आजींना पोथी हवीच असेल तर मोठ्या टाइपाची आणावी, नाहीतर नातवाला वाचायला बसवावे.