मोडीत निघालेल्या गाडीचा हिशेब

जुनी मोटारगाडी तोडून तिचे लोखंड भंगारात आणि सुटे भाग जुन्या बाजारात विकण्याच्या धंद्यात नफा आहे का, या प्रश्नाचे उत्तर गाडी वजनकाट्यावर चढवली की मिळते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते उत्तर गाडीतून काय शाबूत निघते, ते किती दिवसांत विकले जाते आणि जे कोणीच विकत घेत नाही त्याची विल्हेवाट कोणाच्या खिशातून लागते, या तीन गोष्टींवर ठरते. पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूरचा पट्टा हा हिशेब तपासण्यास फार योग्य आहे. १९६९ साली सुरू झालेले अणुविद्युत केंद्र आणि त्यानंतर फोफावलेली औद्योगिक वसाहत यांमुळे येथे कामगारांची, कंत्राटदारांची आणि मालवाहतुकीची वाहने मोठ्या संख्येने आली, चिल्हार फाट्यावर हा पट्टा मुंबई-अहमदाबाद महामार्गाला जोडला गेला, आणि लोखंडाचे भंगार वितळवून सळ्या ओढणाऱ्या भट्ट्या शेजारच्या वाडा तालुक्यातच आहेत. कच्चा माल, रस्ता आणि गिऱ्हाईक असे तिन्ही एका टापूत असलेली ठिकाणे महाराष्ट्रात फार नाहीत.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. येथील वयोवृद्ध गाड्यांवर अजूनही ठाण्याची ‘एमएच ०४’ ही पाटी दिसते आणि नंतरच्या गाड्यांवर वसईची ‘एमएच ४८’. तारापूर, चिंचणी या किनारी गावांतली खारी हवा गाडीचे तळपत्रे, दरवाजांच्या खालच्या कडा आणि सायलेन्सर लवकर खाऊन टाकते. तोडणाऱ्याच्या दृष्टीने हे दुहेरी नुकसान असते, कारण गंजलेला दरवाजा सुटा भाग म्हणून विकला जात नाही आणि भंगार म्हणून तोलला तरी गंजापायी भाव पडतो.

धातूंपुरता हिशेब आधी मांडून पाहणे योग्य ठरेल. लहान प्रवासी गाडीचे वजन साधारण ७५० किलो धरले, तर त्यातील सुमारे दोन तृतीयांश, म्हणजे ५०० किलोच्या आसपास, लोखंड आणि पोलाद असते. उरलेल्यात ॲल्युमिनियम, तारांमधले व मोटरींमधले तांबे, बॅटरीतले शिसे आणि ज्याला भाव नाही असे प्लास्टिक, रबर, काच, फोम व तेल येते. भाव रोज बदलतात, म्हणून पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घ्यावेत. लोखंड ३० रुपये किलोने १५,००० रुपये, ५० किलो ॲल्युमिनियम १३० रुपयांनी ६,५०० रुपये, ८ किलो तांबे ५५० रुपयांनी ४,४०० रुपये आणि बॅटरीचे १,००० रुपये धरले, तर एकूण आवक २६,९०० रुपये होते. जावक बाजूला मालकाला दिलेले १८,००० रुपये, गाडी ओढून आणण्याचे २,५००, दोन कामगारांच्या दीड दिवसाच्या मजुरीचे २,५००, गॅस कटरच्या ऑक्सिजन-गॅसचे ६०० आणि भंगार भट्टीपर्यंत पोहोचवण्याचे १,००० रुपये धरले, तर हातात २,३०० रुपये उरतात, आणि जागेचे भाडे, वीज व कारकुनी यांचा खर्च त्यातूनच भागवायचा असतो. लोखंडाचा भाव किलोमागे अवघ्या ५ रुपयांनी उतरला, तर २,५०० रुपये जातात, म्हणजे ही सगळी शिल्लक पुसली जाऊन पदरचे घालावे लागतात. नुसत्या धातूच्या बळावर गाडी तोडण्याचा धंदा तग धरत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

त्यातही ‘लोखंड’ हा शब्द फसवा आहे. काट्यावर पातळ पत्रा, जाड सांगाडा आणि इंजिनाचे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, यांना वेगवेगळा भाव मिळतो. पत्रा भट्टीत जळून घटतो, म्हणून तो सर्वांत खाली राहतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत स्टेनलेस पोलाद बनवणारे मोठे कारखाने आहेत खरे, परंतु त्यांना मुख्यतः निकेल व क्रोमियम असलेले भंगार लागते. गाडीच्या साध्या पत्र्याची स्वाभाविक वाट सळ्यांच्या इंडक्शन भट्टीकडे, म्हणजे विजेच्या प्रेरणेने धातू वितळवणाऱ्या भट्टीकडे, जाते. या भट्टीवाल्यांची एक अडचण मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. पोलादात मिसळलेले तांबे वितळल्यावर व्यवहारात वेगळे काढता येत नाही आणि त्याचे प्रमाण वाढले की तापलेले पोलाद लाटताना त्याला चिरा पडतात. त्यामुळे तारांसकट चेपलेली गाडी भट्टीवाला पाडून मागतो, आणि तारा ओढून काढलेला स्वच्छ माल आणणाऱ्याला चार पैसे अधिक देतो.

या तारांचा जुडगा हे कामाच्या दर्जाचे चांगले माप आहे. डॅशबोर्डच्या मागून निघणारा, बोटभर जाडीचा, चिकटपट्टीने गुंडाळलेला हा जुडगा मागच्या दिव्यांपर्यंत जातो. घाईतला कामगार तो झटका देऊन तोडतो, मोकळ्या जागेत ढीग करून पेटवतो आणि राखेतून काळी पडलेली तार गोळा करतो. सावकाश काम करणारा प्रत्येक जोड सोडवतो, जुडगा अखंड राहिला तर तो तसाच विकतो, नाहीतर यंत्रावर तार सोलून लखलखीत तांबे वेगळे करतो. जळक्या तारेला सोललेल्या तारेपेक्षा कमी भाव मिळतो, शिवाय तारेवरच्या पीव्हीसी आवरणाच्या धुरात क्लोरीनयुक्त विषारी वायू असतात आणि ते पेटवणाऱ्याच्याच छातीत आधी जातात. इतका तोटा पदरी घेऊनही तारा जाळल्या जातात, याचे कारण वेळ वाचतो आणि सोलण्याच्या यंत्रात पैसा गुंतवावा लागत नाही, एवढेच आहे.

नफ्याचा खरा झरा सुट्या भागांत आहे. चालू स्थितीतले एक इंजिन साऱ्या गाडीच्या लोखंडाहून अधिक पैसे मिळवून देऊ शकते, आणि गिअरबॉक्स, सेल्फ, अल्टरनेटर, रेडिएटर, हेडलाइट, डिकीचे झाकण यांची भर त्यावर पडते. कुर्ल्याचा जुन्या सुट्या भागांचा बाजार याच तत्त्वावर उभा आहे. मागणी मात्र गाडीच्या प्रकारावर अवलंबून असते. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले आणि ओम्नीचे २०१९ मध्ये. उत्पादन बंद झाल्यावर कंपनीचे नवे भाग हळूहळू दुर्मीळ होतात, म्हणून काही वर्षे जुन्या भागांना चांगला भाव येतो, आणि मग रस्त्यावरच्या गाड्याच संपत आल्या की तोच भाग रॅकवर धूळ खातो. बोईसरसारख्या गावात २००५ साली आलेला टाटा एस, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘छोटा हत्ती’, हा तोडणाऱ्याला अधिक भरवशाचा माल आहे, कारण तो पोटापाण्यासाठी चालवला जातो आणि बंद पडला की मालकाला त्याच दिवशी स्वस्त भाग हवा असतो. महामार्गावर अपघात झालेल्या नव्या गाड्या याहूनही किफायतशीर ठरतात. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. अशा गाडीचा पुढचा भाग चुराडा झाला असला, तरी मागचा अर्धा भाग बहुधा कोराच असतो.

तथापि ब्रेक, स्टिअरिंग, सीटबेल्ट आणि एअरबॅग यांचा पुनर्वापर करू नये, मग गिऱ्हाईक कितीही आग्रह धरो. अपघातात एकदा ताण सोसलेला पट्टा बाहेरून चांगला दिसला तरी आतून दुबळा झालेला असू शकतो, आणि त्यातून मिळणारे काही शे रुपये कोणाच्या जिवाच्या मोलाचे नाहीत.

एक भाग आकाराने लहान असूनही स्वतंत्र उल्लेखाला पात्र आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या नळीत बसवलेला, धुरातील विषारी वायूंचे कमी घातक वायूंत रूपांतर करणारा डबा, याच्या आतील जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम व रोडियम या मौल्यवान धातूंचा सूक्ष्म थर असतो. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो १९९५ पासून बंधनकारक झाला. कमी माहितीचा भंगारवाला तो लोखंडात तोलतो आणि जाणकार मधला व्यापारी त्याच्याकडून तो उचलून मोठा फायदा काढतो. जिल्ह्यातील लहान धंदेवाईकांचे सर्वाधिक नुकसान बहुधा येथेच होते.

आता जे विकले जात नाही त्याकडे वळावे लागते, आणि या व्यवसायाचा खोटा नफा कोठून येतो ते येथे कळते. गाडी उघडताच प्रथम बॅटरी सोडवावी, नंतर इंजिन व गिअरचे तेल, ब्रेकचे तेल, कूलंट आणि इंधन वेगवेगळ्या पिंपांत काढावे, एसीचा वायू यंत्राने ओढून घ्यावा, सीएनजीची टाकी रिकामी करावी आणि एअरबॅग सुरक्षितपणे उडवून निकामी करावी, असा योग्य क्रम आहे. वापरलेले तेल परवानाधारक पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जायला हवे, तर कोणालाच नको असलेला घातक कचरा तळोज्यासारख्या अधिकृत केंद्रात पाठवण्याचे पैसे मोजावे लागतात. बिनपरवाना तोडणारा यांपैकी काही करत नाही. तेल जमिनीत मुरते, आम्ल गटारात जाते, एसीचा वायू हवेत सुटतो आणि फोम रात्री पेटवला जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात तारापूर हे ९३.६९ गुणांसह देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले होते. ज्या मातीने आणि खाड्यांनी इतके सोसले आहे, तेथे वाचवलेल्या खर्चाला नफा म्हणणे चुकीचे आहे. तो शेजारच्या विहिरीवर आणि मच्छीमाराच्या जाळ्यावर टाकलेला बोजा आहे. टायरांची कथाही वेगळी नाही. वाडा तालुक्यात टायर बंद भट्टीत तापवून तेल काढणारे, म्हणजे पायरोलिसिसचे, कारखाने आहेत, आणि त्यांच्या धुराविरुद्ध व तेथील स्फोटांविरुद्ध गावकऱ्यांनी वेळोवेळी आवाज उठवला आहे.

कायद्याने हा व्यवसाय उजेडात आणण्याचा प्रयत्न २०२१ मध्ये सुरू झाला. १३ ऑगस्ट २०२१ रोजी वाहन मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले आणि सप्टेंबरमध्ये नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्रांचे नियम आले. अशा केंद्रासाठी १ लाख रुपये शुल्क व १० लाख रुपयांची बँक हमी द्यावी लागते, गाडी चोरीची नाही याची पोलिसांच्या नोंदींशी पडताळणी करावी लागते आणि चॅसिस क्रमांकाचा कापलेला तुकडा सहा महिने जपून ठेवावा लागतो. जमीन, काँक्रीटचा फरसबंद तळ, पिंपे, क्रेन, कॅमेरे असा सगळा भांडवली खर्च करून बसलेल्या केंद्राला गाड्यांचा अखंड ओघ लागतो, आणि तोच मिळत नाही, कारण झाडाखाली गॅस कटर घेऊन बसलेला भंगारवाला मालकाला रोख दोन-तीन हजार अधिक देतो. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून घेतलेल्या धातूच्या भंगारावरील जीएसटी भरण्याची जबाबदारी नोंदणीकृत खरेदीदारावर आली, त्यामुळे ही दरी थोडी कमी होण्याची शक्यता आहे.

त्याहून मोठा बदल १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी आणला आहे. ‘उत्पादकाची विस्तारित जबाबदारी’, म्हणजे वस्तू बनवणाऱ्याने तिच्या अखेरच्या विल्हेवाटीचीही जबाबदारी उचलणे, हे तत्त्व आता वाहनांना लागू आहे. खासगी वाहनांसाठी २० वर्षांपूर्वी आणि व्यावसायिक वाहनांसाठी १५ वर्षांपूर्वी बाजारात आणलेल्या वाहनांतील पोलादाच्या किमान ८ टक्के इतक्या पोलादाची प्रमाणपत्रे कंपन्यांना पहिली पाच वर्षे घ्यावी लागतील, पुढे हे प्रमाण १३ आणि मग १८ टक्के होईल. ही प्रमाणपत्रे केवळ नोंदणीकृत केंद्रांनाच निर्माण करता येतात. जपानमध्ये २००५ पासून गाडीचा मालकच पुनर्प्रक्रियेचे शुल्क आगाऊ भरतो आणि त्यातून एअरबॅग, एसीचा वायू व उरलेला चुरा यांचा खर्च भागतो. भारताने तो भार कारखानदाराकडे वळवला आहे. वरच्या उदाहरणातील ५०० किलो लोखंडावर प्रमाणपत्रापोटी किलोमागे ४ रुपये जरी सुटले, तरी २,००० रुपये वाढतात आणि तुटपुंजी शिल्लक जवळजवळ दुप्पट होते. तोडणी केंद्र तारापूरला उभे राहील की नाही, हे यापुढे लोखंडाच्या भावाइतकेच या प्रमाणपत्राच्या भावावर ठरेल.

गाडीच्या मालकाचाही या हिशेबात वाटा आहे. जास्त रोख देणाऱ्याला गाडी दिली, तर परिवहन कार्यालयाच्या दफ्तरी ती मालकाच्याच नावावर राहते, आणि तिची क्रमांकपाटी किंवा चॅसिस क्रमांक उद्या चोरीच्या गाडीवर चढला, तर नोटीस त्याच्याच दारी येते. नोंदणीकृत केंद्र मात्र गाडी स्वीकारताना ठेव प्रमाणपत्र आणि तोडल्यानंतर मोडणीचे प्रमाणपत्र देते. पहिल्याच्या आधारे नव्या गाडीच्या नोंदणी शुल्कात माफी व राज्याने ठरवलेली रस्ता करातील सवलत मिळू शकते, आणि दुसऱ्यामुळे जुनी नोंदणी रद्द होते. बोईसरच्या एखाद्या गृहसंकुलाच्या कोपऱ्यात चारही टायर बसलेली, खाऱ्या हवेने चाळण झालेली गाडी वर्षानुवर्षे उभी दिसते, तेव्हा प्रत्येक पावसाळ्याबरोबर तिच्या पत्र्याचे वजन आणि सुट्या भागांचे मोल घटत असते.