‘मान्याना’ : सकाळ, उद्या आणि ‘आज नव्हे’

स्पॅनिश शिकू लागलेल्या मनुष्यास पहिल्या काही दिवसांतच ‘मान्याना’ हा शब्द भेटतो. कोशात त्याचे दोन अर्थ दिलेले असतात : सकाळ आणि उद्या. एकाच शब्दावर दोन कामे सोपविल्यास घोटाळा होणार, असे नवख्यास वाटते. आणि ‘उद्या सकाळी’ असे म्हणावयाचे झाल्यास तो शब्द खरोखरच दोनदा उच्चारावा लागतो : ‘मान्याना पोर ला मान्याना’.

परंतु ह्यात विचित्र काही नाही. लॅटिनमध्ये ‘माने’ म्हणजे सकाळी. रात्री निजावयास जाणाऱ्याच्या दृष्टीने येणारी सकाळ हाच उद्याचा दिवस होय. जर्मनांचा ‘मोर्गेन’ हे दोन्ही अर्थ वाहतो, आणि मराठी ‘उद्या’मध्ये तरी ‘उदय’ नाही तर दुसरे काय आहे? ‘उदईक’ ह्या जुन्या रूपात ते नाते अधिकच उघड दिसते. हिंदी ‘कल’चे मूळही पहाट ह्या अर्थाच्या संस्कृत ‘कल्य’ शब्दाकडे नेतात. हिंदीने त्यात गेलेला दिवसही कोंबला, हा भाग निराळा!

स्पॅनिशने अर्थभेदाचे काम लिंगाकडे दिले आहे. ‘ला मान्याना’ ही स्त्रीलिंगी, म्हणजे सकाळ. ‘एल मान्याना’ हा पुल्लिंगी, म्हणजे भविष्यकाळ. उपपद गळले की उरतो तो साधा ‘उद्या’. ती सकाळ आणि तो भविष्यकाळ : मराठी माणसास हे ध्यानात ठेवणे जड जाऊ नये.

ह्या शब्दाची खरी ख्याती मात्र कोशाबाहेरच्या अर्थामुळे झाली. तो अर्थ म्हणजे ‘आज नव्हे’. केव्हा, ते विचारू नये. १८३३ साली मारियानो होसे दे लार्रा ह्या माद्रिदच्या तरुण लेखकाने ‘उद्या या’ अशा अर्थाच्या मथळ्याचा एक निबंध प्रसिद्ध केला. पंधरा दिवसांत सारी कामे उरकण्याच्या बेताने एक फ्रेंच गृहस्थ माद्रिदला येतो. त्याचे नावच ‘विनाविलंब’ अशा अर्थाचे आहे. वंशावळी शोधणारा, शिंपी, चांभार, सरकारी कचेरी, जेथे जावे तेथे एकच उत्तर मिळते. सहा महिन्यांनी बिचारा रिकाम्या हातांनी परत जातो. लार्राने स्वतःलाही वगळले नाही. हा निबंध लिहिण्याचे आपणही महिनोन्‌महिने लांबणीवर टाकीत होतो, अशी कबुली तो शेवटी देतो. त्यामुळेच त्याच्या उपहासास धार आहे, पण विष नाही.

हाच शब्द परक्यांच्या तोंडी गेला तेव्हा त्याचा रंग पालटला. इंग्रजी बोलणाऱ्यांनी तो जसाच्या तसा उचलला आणि स्पॅनिशभाषी लोकांच्या आळशीपणाचे बिरुद म्हणून वापरला. १९४८ साली अमेरिकेत गाजलेले पेगी ली हिचे एक गाणे ह्याच कल्पनेवर रचलेले आहे. पहाटे उठून दुसऱ्याच्या मळ्यात राबणाऱ्या मेक्सिकन मजुरास हे बिरुद लावणे अन्यायाचे होते. शिवाय ‘मान्याना’ म्हणणारा नेहमी आळशीच असतो असेही नाही. तोंडावर ‘नाही’ म्हणणे ज्या समाजात असभ्य ठरते, तेथे ‘उद्या पाहू’ हा नकाराचा सौम्य प्रकार असतो, हे मराठी माणसास वेगळे सांगावयास नको.

स्पेनमधील दुकानांत एक जुनी पाटी आढळते. ‘आज उधार नाही, उद्या मिळेल’, असा तिचा भावार्थ. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी वाचलेला गिऱ्हाईक तेथे कोशावाचून सगळे समजेल आणि खिशात हात घालील.